रिफंड आला, पण आपला आहे का?

२०२४ चे गणपती उठून चार-पाच दिवस झाले असतील, मामांचा फोन आला. मामा पंचायत समितीतून क्लार्क म्हणून रिटायर झालेत, फलटणला असतात, पेन्शन महिन्याला तीस हजाराच्या आसपास, थोड्या एफड्या, बाकी काही नाही. आवाज असा की मला वाटलं घरात कुणाला काहीतरी झालंय. म्हणाले, "अरे, खात्यात एकोणतीस हजार पाचशे साठ रुपये आलेत, इन्कम टॅक्सचे म्हणे. मी तर मागितले नव्हते."

मी आधी विचारलं लिंक आली का, ओटीपी कुणी मागितला का, कारण "तुमचा रिफंड मंजूर झालाय, इथे खातं व्हेरिफाय करा" असले मेसेज सगळ्यांनाच येतात आणि त्यात भली भली माणसं धुतली गेलीत. पण लिंक नव्हती, मेसेज नव्हता, पैसे खरंच पासबुकात छापून आले होते. पॅनला जोडलेल्या खात्यात. म्हणजे फ्रॉड नाही, रिफंडच.

मग घरात पंचायत बसली. मामी म्हणाल्या देवाने दिलं. शेजारचे काका म्हणाले गप्प बसा, सरकारची चूक आहे, मागतील तेव्हा बघू. आमच्या मावसभावाने तर हिशोबच मांडला, की एवढी वर्षं टॅक्स कापला ना, त्यातलेच समजा परत आले. व्हॉट्सअपच्या फॅमिली ग्रुपवर अकरा जणांनी मत दिलं आणि त्यातले दहा जण "ठेवून द्या" म्हणाले. अकरावा मी, आणि खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मीही काही बोललो नव्हतो.

आता मुद्दा. चुकून आलेल्या रिफंडबद्दल आपल्याकडे चर्चा झाली की ती लगेच "सरकार विरुद्ध आपण" अशी होते. सरकारचे पैसे, सरकारची चूक, सरकार काय कमी खातं का वगैरे. माझं म्हणणं असं आहे की हा सगळा वादच चुकीच्या जागेवरून सुरू होतो. पैसे परत द्यायला हवेत हे माझं मत आहेच, पण ते देणं आपल्या व्यवस्थेने इतकं किचकट करून ठेवलंय की प्रामाणिक माणूस मूर्ख ठरतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि आपण एक धरली की दुसरी सोडतो.

आधी ते पैसे कुणाचे होते ते सांगतो. मामांचा फॉर्म २६एएस उघडला, म्हणजे आपल्या पॅनवर कुणी किती टॅक्स कापून भरला त्याचं जे पान असतं ते. त्यात एका बँकेची एंट्री होती, व्याज २ लाख ८७ हजार, कापलेला टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच बँकेने कापून भरलेला टॅक्स, २८ हजार ७००. आता मामांच्या एफड्यांवर वर्षाला थोडंच व्याज, आणि तिथे फॉर्म १५एच, म्हणजे माझ्यावर टॅक्स बसत नाही तेव्हा कापू नका असं ज्येष्ठांनी बँकेला लिहून द्यायचा कागद, भरलेला, टीडीएस शून्य. ही बँक तर मामांची नव्हतीच! कुणीतरी कुठल्यातरी शाखेत दुसऱ्याच ग्राहकाचा पॅन टाकताना एखादं अक्षर चुकवलं असणार आणि ते नेमकं मामांच्या पॅनवर येऊन पडलं. रिटर्न भरून देणाऱ्या पोराने पाचशे रुपये घेतले, पोर्टलवर आधीच भरून आलेले आकडे बघितले, नेक्स्ट नेक्स्ट सबमिट केलं. नव्या रेजिममध्ये तेव्हा सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स शून्य, मामांचं सगळं धरून, हे भलतं व्याज धरूनसुद्धा, सात लाखांच्या आतच बसत होतं, म्हणजे कापलेला सगळा टॅक्स परत. वर एप्रिल ते सप्टेंबर सहा महिन्यांचं अर्धा टक्का महिन्याने ८६१ रुपये व्याज. झाले २९ हजार ५६०, आकडा दहाच्या पटीत आणून.

बेंगळुरूच्या सीपीसीतल्या, म्हणजे जिथे इन्कम टॅक्सची रिटर्न प्रोसेस होतात तिथल्या, कॉम्प्युटरने जे समोर आलं त्याचं बरोबर गणित केलं. ज्याला आपण सगळे "सरकारची चूक" म्हणत होतो ती मुळात सरकारने केलेलीच नव्हती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते पैसे सरकारचेही नव्हते. ते कुणा दुसऱ्या माणसाचे होते ज्याच्या व्याजातून २८ हजार ७०० कापले गेले आणि ज्याच्या स्वतःच्या २६एएसमध्ये ते दिसतच नसणार. त्याने रिटर्नमध्ये क्रेडिट मागितलं असेल तर मॅच होत नाही म्हणून नामंजूर, किंवा वर डिमांडची, म्हणजे टॅक्स बाकी आहे तो भरा अशी, नोटीस. पावणेतीन-तीन लाख व्याज म्हणजे चाळीसेक लाखांची ठेव, कदाचित कुणाचा तरी रिटायरमेंटचा सगळा फंड. तो माणूस बँकेच्या चकरा मारत असणार आणि इथे आम्ही ग्रुपवर "देवाने दिलं"चे स्टिकर टाकत होतो.

दर वेळी असंच असतं असं नाही. कधी खरंच प्रोसेसिंगची गडबड असते, कधी भरणाऱ्यानेच चुकीची वजावट टाकलेली असते, कधी जुन्या वर्षाचा राहिलेला रिफंड असतो जो खरोखर आपलाच असतो आणि आपण उगाच घाबरतो. म्हणून तर आधी बघायला पाहिजे. रिटर्न प्रोसेस झालं की १४३(१) ची इंटिमेशन, म्हणजे हिशोबाचं पत्र, मेलवर येते, त्यात आपण भरलेला आकडा आणि डिपार्टमेंटने धरलेला आकडा शेजारी शेजारी असतात, फरक कुठल्या ओळीत आहे ते दहा मिनिटांत कळतं. पण नव्वद टक्के लोक ती उघडत नाहीत, म्हणजे टक्का मी माझ्या नातेवाइकांवरून सांगतोय, कुठे छापून आलेला नाही.

कायदा काय म्हणतो? १८७२ च्या करार कायद्यात कलम ७२ आहे, चुकून दिलेले पैसे ज्याला मिळाले त्याने परत द्यायचे, एवढं सरळ. गंमत म्हणजे हे कलम आपल्याकडे गाजलं ते सरकारच्या विरोधात. पन्नासच्या दशकातली केस. बनारसच्या एका चांदीच्या व्यापाऱ्याने वायदे व्यवहारांवर विक्रीकर भरला, पुढे तो कर बेकायदा ठरला, त्याने पैसे परत मागितले तर सरकार म्हणालं तुम्ही कायदा चुकीचा समजून भरले, त्याला आम्ही काय करणार. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चूक वस्तुस्थितीची असो की कायद्याची, पैसे परत द्या. म्हणजे "चुकून आले, आता आमचे" हे सरकारला बोलता येत नाही. मग आपल्याला कसं येईल? पुढे मफतलाल कंपनीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्याच नऊ न्यायमूर्तींच्या बेंचने अजून एक पायरी चढवली, की एक्साइज परत मागणाऱ्या कंपनीने आधी दाखवावं की तो बोजा तिने गिऱ्हाइकावर ढकललेला नाही, नाहीतर फुकटचा फायदा होईल. तत्त्व तेच, ज्याच्या खिशातून गेले त्याच्याकडे जावेत.

आता समोरच्या बाजूचं ऐकू, कारण ती बाजू कमकुवत नाही. लोक म्हणतात सरकार आपल्याशी तरी कुठे सरळ वागतं. बघा ना, आपला रिफंड लटकला तर सरकार महिन्याला अर्धा टक्का व्याज देतं, आणि रिफंड एकूण टॅक्सच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर तेही नाही. आपण डिमांड तीस दिवसांत भरली नाही तर महिन्याला एक टक्का. दुप्पट! वर सरकारने दिलेलं व्याज आपल्या उत्पन्नात धरून त्यावर टॅक्स, आपण भरलेलं व्याज मात्र कुठेच वजा होत नाही. सरकारला द्यायचे तेव्हा तारीख चुकली की दंड, सरकारकडून घ्यायचे तेव्हा "प्रोसेसिंग". असं असताना प्रामाणिकपणाचं लेक्चर सामान्य माणसालाच का, हा प्रश्न रास्त आहे आणि मला त्याचं पूर्ण उत्तर देता येत नाही.

पण हा राग सरकारवर काढायला दुसरे रस्ते आहेत. मामांनी पैसे ठेवून घेतले असते तर त्या व्याजदराच्या अन्यायात काडीचा फरक पडला नसता, फक्त तो कुणीतरी चाळीस लाखांवाला म्हातारा-म्हातारी अडकून राहिली असती. शिवाय मामांनी सही केलेल्या रिटर्नमध्ये ते व्याज "माझं उत्पन्न" म्हणून लिहिलेलं होतं, उद्या कुणी विचारलं की ही एफडी कुठून आली, तर काय सांगणार.

"मागतील तेव्हा देऊ" हा सल्लाही मला अर्धाच पटतो. अर्धा पटतो म्हणजे पैसे खर्च करू नयेत, बाजूला ठेवावेत, हे शंभर टक्के बरोबर. घाईघाईने कुणाच्या सांगण्यावरून कुठल्याही खात्यात "परत" तर अजिबात पाठवू नयेत, तो फसवणुकीचा नवा धंदा आहे. डिपार्टमेंटचं खरं पत्र असेल तर ऑक्टोबर २०१९ पासून त्यावर डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा स्वतःचा नंबर, असतो आणि तो पोर्टलवर तपासता येतो. पण नुसतं वाट बघत बसणं महागात पडू शकतं. असेसमेंट होऊन रिफंड जास्त दिला असं निघालं तर २००३ पासून त्यावरही अर्धा टक्का महिना व्याज लावायची तरतूद आहे. त्यात तुम्ही चूक स्वतःहून कळवली होती का, याला काही किंमत नाही. गप्प बसणारा आणि पहिल्याच आठवड्यात कळवणारा, दोघांना सारखंच मीटर. माझा खरा आक्षेप इथे सुरू होतो.

कारण सरकारी चुकीने माणसाकडे पैसे गेले तर ते परत घेताना थोडा विचार करावा हे तत्त्व आपल्या कोर्टांनी मान्य केलेलं आहे. २०१४ चा रफीक मसीहचा निकाल सरकारी नोकरांना तोंडपाठ असतो. पंजाबातल्या कर्मचाऱ्यांना चुकून जास्त पगार गेला, सरकारने वसुली काढली. कोर्ट म्हणालं क्लास थ्री-फोरच्या लोकांकडून, रिटायर झालेल्यांकडून किंवा वर्षभरात होणाऱ्यांकडून, आणि पाच वर्षांपेक्षा जास्त काळ चाललेल्या चुकीची वसुली करू नका, कारण त्यांनी काही लपवलेलं नव्हतं आणि ते पैसे त्यांनी पगार समजून घरात खर्च केले. या निकालाचा टॅक्सशी थेट संबंध नाही, रिफंडवाल्याला तो लागू होत नाही, पण त्यातली माणुसकी बघा. चूक कुणाची, समोरच्याची ऐपत काय, त्याने फसवलं की त्याला कळलंच नाही, हे प्रश्न विचारले गेले.

आणि ते दर वेळी विचारले जात नाहीत हे आपण महाराष्ट्रात बघितलंय. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार २०१९ पासून सुरू झाले, याद्या घाईत झाल्या, मग लक्षात आलं की टॅक्स भरणाऱ्यांना ते लागू नव्हते. २०२१ मध्ये संसदेत सांगितलेला आकडा होता देशभरात ४२ लाखांवर अपात्र शेतकरी आणि वसुली जवळपास तीन हजार कोटींची, त्यात महाराष्ट्राचे साडेतीनशे कोटींवर. तहसीलच्या नोटिसा गावोगाव आल्या. त्यात नोकरी करून सातबाऱ्यावर हप्ते घेणारे होते तसेच एका वर्षी मुलाच्या शिक्षणाचं लोन मिळावं म्हणून रिटर्न भरलेले साधे शेतकरीही असणार, नोटीस मात्र एकाच साच्यातली. लाडकी बहीणमध्ये तर २०२५ च्या जुलैत सरकारनेच सांगितलं की २६ लाखांवर लाभार्थी अपात्र वाटतात, त्याआधी दोन हजारांहून जास्त सरकारी कर्मचारी महिलांनी पैसे घेतल्याचं निघालं होतं. पगार ट्रेझरीतून घेणाऱ्या बाईला आपण अपात्र आहोत हे माहीत नसावं, यावर माझा विश्वास नाही. पण ज्या बाईचा फॉर्म दुसऱ्याच कुणी भरला तिला आणि हिला एकाच रांगेत उभं करणं हाही अन्यायच.

तोच फरक रिफंडमध्ये करायला हवा. "रिफंड काढून देतो, वीस टक्के माझे" म्हणणारे एजंट सगळ्या शहरांत आहेत, कंपनीच्या कँटीनमध्ये फॉर्म १६, म्हणजे पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला, गोळा करतात, खोटं भाडं, खोटी देणगी, खोटं मेडिकल टाकून रिफंड आणतात. जुलै २०२५ मध्ये इन्कम टॅक्सने देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली तेव्हा हेच निघालं, आणि हेही की हे एजंट बल्कमध्ये रिटर्न भरायला तात्पुरते ईमेल आयडी काढतात आणि सोडून देतात, त्यामुळे नोटीस आली तरी ज्याच्या नावाने आली त्याला कळतच नाही. त्याआधीच्या चार महिन्यांत चाळीस हजार लोकांनी स्वतःहून रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटींचे खोटे क्लेम मागे घेतले होते असं डिपार्टमेंटनेच सांगितलं. या मंडळींना "मला काय माहीत" म्हणता येत नाही. दोन वर्षं ज्याचा रिफंड शून्य होता त्याला अचानक साठ हजार आले आणि त्यातले बारा हजार त्याने एजंटला रोख मोजले, तर त्याला माहीत होतं. मामांच्या आणि यांच्या केसमध्ये कॉम्प्युटरला फरक दिसत नसेल, पण कायद्याला दिसायला पाहिजे.

आता परत कसे केले ते सांगतो, कारण ते ऐकून तुम्हाला माझा राग कळेल. मला वाटलं होतं पोर्टलवर कुठेतरी "जादा रिफंड परत करा" असं काहीतरी असेल. नाही! टॅक्स भरायची सोय आहे, ॲडव्हान्स टॅक्स, सेल्फ असेसमेंट, डिमांड, सगळं आहे, पण "हे माझे नाहीत, घ्या" म्हणायची जागाच नाही. मग आधी पोर्टलवरच्या एआयएसमध्ये, म्हणजे आपल्या पॅनवरच्या सगळ्या व्यवहारांच्या यादीत, फीडबॅक टाकला की ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे. मग ती बँक शोधून मामा तिच्या जवळच्या शाखेत गेले, तिथला माणूस म्हणाला, "काका, पडले ना पैसे, मग तक्रार काय आहे तुमची?" तीन चकरा झाल्या. शेवटी नोव्हेंबरात बँकेने टीडीएसचं करेक्शन भरलं, एंट्री मामांच्या पॅनवरून गेली. मग डिसेंबरात रिव्हाइज्ड, म्हणजे दुरुस्त केलेलं, रिटर्न. आणि मग वाट बघायची, कशाची, तर मामांच्या नावावर डिमांड निघायची! फेब्रुवारीत ती निघाली आणि पोर्टलवर लाल अक्षरांत थकबाकी दिसायला लागली. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे हिशोब तपासलेला माणूस, त्याला स्वतःहून पैसे परत द्यायचे होते म्हणून आधी थकबाकीदार व्हावं लागलं. दोन रात्री झोपले नाहीत ते. मी सांगत होतो मामा, हे असंच असतं, भरलं की जाईल, तर म्हणाले, "अरे पण माझ्या नावापुढे लिहिलंय ना ते."

दुसऱ्या दिवशी भरले. ज्या बँकेने पॅन चुकवला तिला काय झालं? चुकीचं टीडीएस स्टेटमेंट भरलं तर दहा हजार ते एक लाख दंडाची तरतूद कायद्यात आहे, पण मामांना कुणी साधं सॉरीसुद्धा म्हटलं नाही.

मला जे हवंय ते फार नाही. पोर्टलवर एक जागा असावी जिथे माणूस स्वतःहून लिहील की हा रिफंड मला चुकीचा वाटतो, आणि त्या तारखेपासून त्याच्यावर व्याज, दंड, थकबाकीचा शिक्का काही नाही. त्याने पैसे तिथेच भरावेत, पावती घ्यावी, विषय संपला. ज्याने चूक केली, मग तो बँकेचा क्लार्क असो नाहीतर सीपीसीचा सॉफ्टवेअरवाला, त्याच्याकडे विचारणा व्हावी. आणि रक्कम छोटी असेल, माणसाने काही लपवलेलं नसेल, वर्षं उलटून गेली असतील, तर रफीक मसीहसारखा विचार टॅक्समध्येही यावा. सरकारला हे अशक्य नाही. २०२४ च्या अंतरिम बजेटमध्ये २००९-१० पर्यंतच्या २५ हजारांपर्यंतच्या आणि २०१४-१५ पर्यंतच्या दहा हजारांपर्यंतच्या जुन्या डिमांड एका फटक्यात सोडून दिल्याच की, कारण त्यांच्या स्वतःच्याच नोंदी जुळत नव्हत्या. नवा इन्कम टॅक्स कायदा आणला, कलमांचे नंबर बदलले, भाषा सोपी केली म्हणतात, मग त्यात या एका गोष्टीला जागा करायला काय हरकत होती?

कुणी म्हणेल यातून पळवाट निघेल, एजंटवालेही पकडले जाणार असं दिसलं की पटकन "चुकून आला" लिहितील. लिहू देत. तपासणी सुरू व्हायच्या आधी लिहिलं तर सरकारला पैसे बिनखर्चात परत मिळतात, नंतर लिहिलं तर सूट नाही, एवढी रेघ मारली की झालं. आत्ता अपडेटेड रिटर्नची, म्हणजे मुदत संपल्यावरही रिटर्न सुधारायची, जी सोय आहे त्यात तर उलट उशिरानुसार पंचवीस टक्क्यांपासून सत्तर टक्क्यांपर्यंत जादा टॅक्स भरावा लागतो, म्हणजे उत्पन्न लपवणाऱ्यासाठी केलेला तो दरवाजा आहे आणि मामांसारख्याला रिव्हाइज्डची मुदत हुकली की त्याच दारातून जावं लागणार.

गेल्या वर्षी मामांना खरंच रिफंड आला. १५एच द्यायचा राहून गेला होता म्हणून त्यांच्या स्वतःच्या बँकेने कापलेले पैसे. पैसे खात्यात आले त्या दिवशी फोन केला मला, २६एएसची प्रिंट काढून आणली होती, प्रत्येक ओळ वाचून दाखवली, आणि मग विचारलं, "हे आपलेच आहेत ना रे? नक्की?" मी हो म्हटलं तरी आठवडाभर त्यांनी त्या पैशांना हात लावला नाही.